कँटनीज म्हणी: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

अमिता मॅडम,

तुमचा निरोप मिळाला. नव्या लोकांच्या पहिल्या दिवसासाठी निसर्गावरच्या थोड्या कँटनीज म्हणी हव्यात. झाडं, पक्षी, पाणी, असं प्रसन्न काहीतरी. प्रत्येकीचा अर्थ आणि एक सोपं उदाहरण. सल्लागार हाँगकाँगचे आहेत, त्यांच्यासमोर आपल्या माणसांना चार शब्द टाकता यावेत. 'आपण दोघी मराठी, मराठीतच लिहून दे, इंग्रजी मी करून घेईन.'

म्हणजे शाळेतला प्रश्न. माझे अब्बा हाँगकाँगला फेरीबोटीच्या इंजिनवर होते. मी तिथेच वाढले, बाजारात आणि शाळेत कँटनीज बोलत. नववीत मला श्रीवर्धनला आणून मराठी शाळेत बसवलं. तिथे या प्रश्नाला मी कायम पानभर लिहायचे आणि बाई लाल शाईने लिहायच्या, 'एका वाक्यात'.

या वेळीही एका वाक्यात होणार नाही.

काय थुंग आप कोंग

अर्थ. कोंबडी बदकाशी बोलते. भाषा वेगळ्या, बोलणं वाया.

उपयोग. ही सगळ्यांना आवडते. वर्गात हशा होतो, मागच्या बाकावरून कोणीतरी बदकाचा आवाज काढतं. तरी ही वगळा. मुनाफचा पाय चिरडला त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अहवालाच्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं की साइटवर अनेक भाषा असल्याने सूचना पोचण्यात अडचण आली.

खोटं. तुमच्या जागी तेव्हा अनुराग सर होते. ते इमादशी फोनवर मराठीत बोलले. इमाद माझा नवरा, क्रेनने सामान उचलण्याच्या कामावरचा सुपरवायझर. इमाद मुनाफशी आमच्या कोकणातल्या बोलीत बोलला. मुनाफ पाइपला पट्टे बांधणारा, बागमांडल्याचा. मुनाफ क्रेनवाल्याशी हिंदीत बोलला. आणि मी बांधाजवळ गाडीत बसून लाऊ साहेबांशी, म्हणजे सल्लागारांच्या मुख्य माणसाशी, कँटनीजमध्ये बोलत होते. प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं कळत होतं. त्या दिवशी साइटवर कोंबडी नव्हती आणि बदकही नव्हतं.

याऊ फुंग म् हौ साय झन लेय

अर्थ. वारा मिळाला म्हणून सगळं शीड ताणू नकोस. हातात सत्ता आहे, नशीब जोरावर आहे, तेव्हाच जरा आवर.

उपयोग. अनुराग सरांना समुद्रावरचं काहीतरी हवं होतं, कारण आपला पाइप समुद्रात जातो. मी ही दिली. अर्थही सांगितला, दोनदा.

"छान आहे. पण निगेटिव्ह वाटतंय गं," ते म्हणाले.

"सर, ती ताकीदच आहे."

"ताकीद बॅनरवर कोण लावतं? यातलं 'नको' काढ. वारा आहे, सगळी शिडं ताणा. बघ, लगेच एनर्जी आली."

"मग ती म्हण राहत नाही. उलट झालं."

"निदा, तू प्राध्यापक आहेस का? लोकांना कामाला लावायचंय, परीक्षेला नाही बसवायचं."

मी भांडले. ऐकलं कोणी? दोन चिनी अक्षरं गाळून निळं बॅनर छापून आलं आणि सौदीच्या या किनाऱ्यावर, खोबरच्या दक्षिणेला, आपल्या साइटच्या फाटकावर लागलं. वारा आहे, सगळी शिडं ताणा. खाली कंपनीचं नाव.

आता वाऱ्याबद्दल. शमाल सुटला होता. तुम्ही रियाधहून आलात, तुम्हाला धूळ माहीत आहे, पण किनाऱ्यावर हा उत्तरेचा वारा धुळीबरोबर सामानही ओढतो. क्रेनवर वाऱ्याचं मीटर असतं. ते ओरडायला लागलं की उचल थांबवायची, हा नियम पोरालाही समजेल. मीटर ओरडलं. इमादने थांबवलं. सगळे सावलीला गेले.

मग लाऊ साहेबांची गाडी फाटकातून आत आली. मी त्यांच्या शेजारी, दुभाषी म्हणून. साहेबांनी बॅनर वाचलं आणि हसले.

"आ-निदा, अर्धी म्हण कुठे गेली?"

"मॅनेजरने काढली. त्यांना 'नको' नको होतं."

ते आणखी हसले. काच खाली करून त्यांनी फडफडणाऱ्या बॅनरचा फोटो काढला. काच खाली आली तेव्हा मीटरचं ओरडणं आत आलं. त्यांनी काच वर केली.

तेवढ्यात इमादला अनुराग सरांचा फोन गेला. पाहुणे आलेत, क्रेन बंद दिसता कामा नये, एवढा एकच पाइप उचल, यल्ला. इमादने सांगितलं, वारा फार आहे. पलीकडून आलं, मी सांगतोय ना. मग इमादने हात वर करून क्रेनवाल्याला खूण केली.

पाइप वर गेला आणि दारासारखा फिरला. मुनाफच्या हातात त्याचा दोर होता. त्याने दोर सोडला नाही, कारण समोर दुसरी माणसं उभी होती. पाइप खाली आला तो त्याच्या पायावर, लाकडी ठोकळ्याच्या कडेला.

बॅनर त्याच दुपारी उतरवलं. मुनाफला गाडीत घालायच्या आधी.

सिक तक हाम यू, ताय तक होत

अर्थ. खारी मासळी खायची तर तहान सोसायची तयारी ठेव. केलंस, आता भोग.

उपयोग. ही आमच्या घरात चालते. इमादला कँटनीज येत नाही, पण एवढी येते, कारण सुक्या बोंबलांवर ताव मारून तो पाण्याची बाटली घेऊन बसला की मी हीच म्हणते.

शुक्रवारी तो नमाजहून आला, जेवायला बसला आणि भात तसाच ठेवून म्हणाला, "अनुरागचा फोन होता. अहवालात माझं नाव जाणार. सुपरवायझरने नियम मोडला, एवढंच."

"एवढंच?"

"मोडलाच ना मी. खूण कुणी केली?"

"आणि फोन कुणी केला?"

"फोनचा काय पुरावा आहे? फोन आला एवढं दिसेल. काय बोलले ते कुठं दिसतं?"

अहवालात नाव लागलं की काय होतं, ते इथे सगळ्यांना पाठ आहे. पोलिसांत प्रकरण, ते मिटेपर्यंत देश सोडता येत नाही, मिटल्यावर परत यायचं नाव नाही, आणि मधल्या काळात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, ज्या कंपनीच्या हातात तीच तुमच्याविरुद्ध साक्षीला. इमादला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तो मासळीचा काटा काढावा तसा शांतपणे बोलत होता.

"अनुराग म्हणतो, तू गप्प राहिलीस तर तुझी नोकरी राहील. मला वर्षाने दुसऱ्या नावाच्या कंपनीतून परत आणतो. मीच खाल्ली ना खारी मासळी. सिक तक हाम यू. मीच तहान सोसतो."

मला त्याचा इतका राग आला की मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. माझी म्हण, माझ्याच घरात, माझ्यावर.

"खाल्ली नाहीस तू," मी आतून म्हणाले. "तुझं तोंड उघडून कोंबली."

"तोंड उघडलं मीच ना गो."

"हो. त्याचाही राग आहे मला. नाही म्हणाला होतास, मग तिथेच राहायचं. पण म्हणून त्याचं पाप तू गिळायचं?"

"पाप-बिप नको. मुलीची शाळा आहे."

मी ताट परत आणून ठेवलं. त्याने खाल्लं नाही.

दाय सेक चाक सेय हाय

अर्थ. मोठा खडक खेकड्याला चिरडून मारतो. जोर असलेला बिनजोराला दाबतो, त्याची बातमीही होत नाही.

ही म्हण हाँगकाँगच्या मासळीबाजारातल्या बायका पोलिस आले की पुटपुटायच्या. मी मुनाफला सांगितली, इस्पितळात, इमाद औषधं आणायला खाली गेला होता तेव्हा. त्याला हसवायला. पाय घोट्यापासून गेला होता आणि तो डाळिंबाचे दाणे सोलून मलाच देत होता.

"भाबी, ही म्हण केली कुणी? त्याने कुर्ली बघितली नाही कधी."

"का?"

"कुर्ली खडकाखालीच राहते. खडक तिचं घर. हरिहरेश्वरला जा, बघ. खडक कशाला मारेल तिला? कुणी उचलून वरून टाकला तरच मरेल."

"म्हणजे खडकाचा दोष नाही?"

"टाकणाऱ्याला विचारा म्हणतोय मी," तो म्हणाला. मग आणखी दाणे माझ्या हातावर ठेवत, "इमादभायला सांगा, मी कोणाला काही सांगणार नाही. त्याचं घर माझ्यामुळे जायला नको. माझं काय, मी आता बसून जाळी विणीन."

"तुला मसुद्यात काय लिहिलंय माहीत आहे? दोर वेळेवर सोडला नाही. कामगाराचा निष्काळजीपणा."

त्याचा हात डाळिंबावर थांबला.

"सोडला असता तर अदनान मेला असता. समोर तोच होता."

"मला माहीत आहे. मी गाडीतून बघत होते."

मग त्याने जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. तुम्हाला तिचं इंग्रजी करता येणार नाही.

उपयोग. पुढे येतो.

स्यू दाय, याऊ फू ची

अर्थ. झाड मोठं असलं की त्यावर वाळक्या फांद्याही असतातच. मोठ्या घरात, मोठ्या संस्थेत, एखादा वाईट निघायचा. त्यावरून झाडाला नावं ठेवू नका.

उपयोग. रविवारी बैठक होती. त्याच्या आधी अनुराग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, आलं घालून, माझ्यासाठी खास.

"निदा, मला सुरुवातीला त्यांच्या भाषेतलं एक वाक्य टाकायचंय. दुःख व्यक्त होईल, पण कंपनी चांगली आहे हेही येईल. ती झाडाची कुठली होती? वाळक्या फांदीची?"

मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नसेल, फांदी कोण ते. लक्षात आलं होतं.

"हे बघ, तू घरचीच आहेस म्हणून स्पष्ट बोलतो. कोणाचं तरी नाव जाणारच. मॅनेजरचं गेलं तर कंत्राट जातं, सगळ्यांचं पोट जातं. इमादला मी सांभाळून घेईन. तू फक्त उच्चार शिकव."

"स्यू दाय," मी म्हणाले.

"स्यू दाय."

"याऊ फू ची."

"याऊ फू ची. बरोबर?"

"बरोबर."

खरंच बरोबर होता. त्यांचा कान चांगला आहे.

मी शिकवली, कारण ती त्यांच्या तोंडून त्या खोलीत निघायला हवी होती. मला ती तिथे ऐकायची होती. राग आला की माणूस ओरडतो असं तुम्हाला वाटत असेल. मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला.

बैठक. टेबलाच्या एका बाजूला लाऊ साहेब आणि त्यांचा मदतनीस. समोर अनुराग सर. कोपऱ्यात अरवा, मालक कंपनीची सुरक्षा अधिकारी, धाहरानहून आलेली, वयाने माझ्याहून लहान. अहवालावर शेवटची सही तिची. दाराजवळ इमाद, हेल्मेट मांडीवर. मी मधे.

अनुराग सर उभे राहिले. मुनाफसाठी दोन मिनिटं उभं राहू म्हणाले, जणू तो मेला होता. मग त्यांनी झाडाची म्हण म्हटली. सुरात, न अडखळता. लाऊ साहेबांच्या मदतनिसाने कौतुकाने मान हलवली.

लाऊ साहेबांनी नाही हलवली. ते माझ्याकडे वळले आणि कँटनीजमध्ये म्हणाले, "कुठली फांदी?"

"दारापाशी बसलीय ती," मी कँटनीजमध्येच म्हणाले. "माझा नवरा."

"अच्छा. आणि तुझं काय म्हणणं?"

"दाय सेक चाक सेय हाय."

आता तो मदतनीसही खाली बघू लागला. मी थांबले नाही. खडक आपोआप पडत नाही, मी म्हणाले. कुणीतरी उचलतो. इमादने काम थांबवलं होतं. तुमची गाडी आली म्हणून ते फोनवरून पुन्हा सुरू करायला लावलं. मीटर ओरडत होतं. तुम्ही ऐकलंत. तुम्ही काच वर केलीत.

लाऊ साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हातारे आहेत, सभ्य आहेत, माझ्या अब्बांच्या फेरीबोटीने त्यांनी तरुणपणी प्रवास केलेला असणार. ते फार मायेने बोलले.

"आ-निदा, बरं झालं तू हे आपल्या भाषेत सांगितलंस. आपल्यातलं आपल्यात राहील. तुझ्या नवऱ्याचं मी बघतो, जरा सौम्य लिहायला लावतो. इंग्रजीत मात्र काढू नकोस."

मॅडम, हे उदाहरण नीट वाचा. मला आयुष्यभर वाटायचं की ती भाषा येते म्हणजे एक दार उघडं आहे. श्रीवर्धनला मुली चिडवायच्या, चिनी बोल, चिनी बोल, आणि मी मनात म्हणायचे, तुम्हाला नाही कळणार माझं. त्या खोलीत मला समजलं की त्या दाराला आतून कडी आहे आणि म्हातारा ती हळूच लावतोय. त्याला माझं सगळं कळलं होतं. म्हणूनच लावत होता.

"ते काय म्हणाले?" अनुराग सर हसून विचारत होते. "म्हण आवडली?"

मी खुर्ची अरवाकडे वळवली आणि इंग्रजीत सांगितलं. म्हण एकही नाही. काम वाऱ्यामुळे थांबलं होतं. पाहुणे आले म्हणून मॅनेजरने फोनवरून आदेश दिला. पाहुण्यांना धोक्याचा आवाज ऐकू आला होता. हे मी आत्ता लाऊ साहेबांना कँटनीजमध्ये सांगितलं, आणि ते मला हे इंग्रजीत न सांगण्याची विनंती करताहेत.

"निदा," अनुराग सर मराठीत म्हणाले, "तू काय करतेयस कळतंय का तुला? इमादचा विचार कर."

"त्याचाच करतेय. आणि मुनाफचा. हेही सांगू का इंग्रजीत?"

अरवाने पेन खाली ठेवलं. ती इमादशी बोलली. "आदेश कोणी दिला?"

सगळं तिथे येऊन अडकलं. मी कितीही बोलले तरी मी बायको, गाडीत बसलेली. फोन त्याच्या कानाला होता. इमाद हेल्मेटच्या आत बघत होता, तिथे त्याने मुलीचा पासपोर्ट साइझ फोटो चिकटवलाय. मला वाटलं, आता हा मासळी गिळणार. मी त्याला काही खूण केली नाही. करणार नव्हते. एकदा खुणेने झालं होतं ते पुरे.

"मी नाही म्हणालो होतो," इमाद म्हणाला. "मग यांचा फोन आला. मग मी हात वर केला. तेही लिहा. पण मुनाफने दोर सोडला नाही ते अदनानसाठी. ते पहिलं लिहा."

अरवाने लिहिलं. तिच्यासाठी चहा आला तो तिने घेतला नाही.

मौ लोय कुंग कम यून

अर्थ. जिथे मेघगर्जनेचा देवसुद्धा पोचत नाही, इतकं लांब.

उपयोग. तबूक.

इमादचं नाव दोषींत आलं नाही. मुनाफच्या नावापुढचा निष्काळजीपणा खोडला गेला. अरवाच्या अहवालात अनुराग सरांचं नाव आहे. आपल्या कंपनीच्या अहवालात 'आदेश देण्यात आला' एवढंच. वारा देतो बहुधा आदेश. आणि मग इमादची बदली झाली, देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आपण लष्करी वसाहतीच्या भिंती बांधतो. कामाच्या गरजेनुसार. त्या मेलखाली तुमचं नाव आहे, मॅडम. खोबरच्या बसथांब्यावर मुलीने विचारलं, "इज इट पनिशमेंट, पापा?" तर तो म्हणाला, "नाही गो, तिथे थंडी पडते, सफरचंदं पिकतात."

यात काय सेय, यात काय मेंग

अर्थ. एक कोंबडा मरतो, दुसरा आरवतो.

उपयोग. अनुराग सर दुबईच्या प्रकल्पावर गेले. त्यांची खुर्ची तुम्ही घेतलीत. आणि आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तुमचा निरोप आला, निसर्गावरचं काहीतरी प्रसन्न, एक बॅनरलाही चालेल असं.

तुम्ही त्यांच्यासारख्या नसाल. मला माहीत नाही. एका बदलीच्या मेलवरून मी ठरवू नये, आणि ठरवलेलं आहे.

मी राजीनामा देत नाही, कारण तेच सगळ्यांना सोयीचं आहे. शिकवायचं थांबवतही नाही. पहिल्या दिवशी नव्या लोकांसमोर मीच उभी राहीन आणि ज्या म्हणी वर आहेत त्या सगळ्या, उदाहरणांसकट, शिकवीन. मुनाफ गावी जायचा आहे अजून. काठी घेऊन यायला तयार आहे. कुर्लीची म्हण तो सांगेल.

बॅनरसाठी शिडाचीच घ्या. दुसरी देणार नाही. पण ती पूर्ण छापायची. त्यात जे 'नको' आहे ते तिथेच, मधोमध, बाकीच्या अक्षरांएवढंच मोठं. छापायला जाण्याआधी मला दाखवा. आणि ते फाटकावर लावू नका. क्रेनवर लावा, मीटरच्या शेजारी, जिथे फोन कानाला लावलेल्या माणसाला दिसेल.

निदा